शर्यतीच्या गाडीत चौकड्यांचे कापड कशाला?

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी एसटी आंबेनळी घाटाला लागली की पहिल्या चार-पाच वळणांतच बाकावरच्या उतारूंचे दोन वर्ग पडतात. टेरिलिनची गुळगुळीत पँट घातलेले गृहस्थ रेक्झिनच्या बाकावरून सरकत शेजाऱ्याच्या अंगावर जातात, समोरच्या दांडीला घट्ट धरतात आणि ‘माफ करा’ म्हणत पुन्हा जागेवर येतात. अर्ध्या चड्डीतला शाळकरी मुलगा मात्र जागचा हलत नाही. त्याच्या मांड्या घामाने रेक्झिनला चिकटलेल्या असतात. उतरताना तो जेव्हा उठतो तेव्हा चर्र असा आवाज होतो, तो तुम्ही ऐकला असेलच. महाडहून वरंधा घाटाने भोरला जा, नाहीतर खेडकडे जाताना बोगदा टाळून जुन्या कशेडी घाटाने जा, अनुभव तोच.

या अनुभवाचा शर्यतीच्या गाड्यांशी फार जवळचा संबंध आहे. १९५४-५५ सालच्या मर्सिडीझच्या शर्यतीच्या गाड्यांची छायाचित्रे पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. बाहेरून चांदीसारखा चकचकीत पत्रा; आत उघडेबोडके यंत्र, नळ्या, तारा आणि रिव्हेटे; आणि या सगळ्याच्या मधोमध चालकाच्या बसण्याची जागा मात्र चौकड्यांच्या कापडाने मढवलेली! आपल्याकडे शर्टाला वापरतात तसले, निळ्या-करड्या चौकड्यांचे. ज्या गाडीतला एकेक ग्रॅम वजन कमी करण्यासाठी अभियंत्यांनी रात्री जागवल्या, तिच्यात हे नक्षीचे कापड कोणाच्या हौसेखातर आले? हौस बाजूला ठेवून आधी पदार्थविज्ञान पाहू.

घाटातल्या वळणापासूनच सुरुवात करू. गाडी वळते तेव्हा आपण ‘बाहेर फेकले जातो’ असे म्हणतो. पण आपल्याला बाहेर फेकणारे बल कोणते? कोणतेच नाही. आपले शरीर जडत्वामुळे सरळ रेषेत जाऊ पाहते आणि बाक आपल्या खालून वळून निघून जातो. आपल्याला बाकाबरोबर वळायचे असेल तर वळणाच्या केंद्राकडे कोणीतरी आपल्याला ओढले पाहिजे. हे अभिकेंद्री बल पुरवायला बाकाजवळ एकच साधन असते, ते म्हणजे बाक आणि पँट यांच्यातले घर्षण.

किती घर्षण लागेल? समजा, बस ताशी ३० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण मिळते: ६९.४ भागिले २०, म्हणजे सुमारे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे. म्हणजे घर्षण गुणांक किमान ३.५ भागिले ९.८, सुमारे ०.३५ असायला हवा. त्याहून कमी असेल तर गृहस्थ सरकणार. वळणावर रस्ता आतल्या बाजूला थोडा उतरता ठेवलेला असेल तर थोड्या कमी घर्षणावरही भागते, पण घाटातल्या सगळ्याच वळणांवर ही कृपा नसते. आणखी एक गोष्ट पाहा. या हिशेबात माणसाचे वजन कोठेच आले नाही. जाडजूड माणूस सरकणार नाही आणि बारकेला सरकेल, असे काही नसते. वजनाबरोबर लागणारे बल वाढते आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढते.

घर्षण गुणांक मोजायला महाग उपकरण लागत नाही. शाळेतली एक मीटरभर लांबीची फळी घ्या. तिच्यावर रेक्झिनचा तुकडा ताणून बसवा. एका विटेला जुन्या पँटच्या कापडाने गुंडाळा आणि ती फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट सरकू लागेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि जमिनीवरचे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की आलेली संख्या हाच घर्षण गुणांक. मग रेक्झिनच्या जागी जाड सुती कापड लावा, सतरंजी लावा, घोंगडीचा तुकडा मिळाला तर तोही लावा. प्रत्येक मापन निदान पाच वेळा करा, कारण कापड हा लहरी पदार्थ आहे. घर्षण हे दाबाच्या समप्रमाणात असते हा पाठ्यपुस्तकातला नियम कापडाला तंतोतंत लागू पडत नाही. कापडाच्या पृष्ठभागावर असंख्य तंतू उभे असतात. दाब वाढला की ते आडवे होतात, एकमेकांत अडकतात, आणि दाब दुप्पट झाला तरी घर्षण दुपटीहून थोडे कमीच वाढते. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना विटेवर वजने ठेवून हे तपासायला सांगावे.

आता घाटातून शर्यतीच्या रस्त्यावर येऊ. समजा, गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने १०० मीटर त्रिज्येचे वळण घेते आहे. वेग सेकंदाला २७.८ मीटर, त्याचा वर्ग सुमारे ७७०, म्हणून त्वरण ७.७. ७० किलोग्रॅम वजनाच्या चालकाला वळवायला लागणारे बल ७० गुणिले ७.७, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन. घर्षण गुणांक ०.३ असेल तर आसन पुरवू शकेल असे जास्तीत जास्त घर्षण ०.३ गुणिले ७० गुणिले ९.८, सुमारे २०५ न्यूटन. गुणांक ०.६ असेल तर सुमारे ४१० न्यूटन. म्हणजे पहिल्या बाबतीत ३३५ न्यूटन कमी पडतात, दुसऱ्या बाबतीत १३०. ही तूट कोण भरून काढणार? आसनाच्या उंच केलेल्या कडा, चालकाने टेकवलेले गुडघे, आणि हे पुरले नाही तर त्याचे हात. पण हात तर स्टिअरिंगवर आहेत! ३३५ न्यूटन म्हणजे जवळजवळ ३४ किलोग्रॅमचे पोते. एका बाजूला ते पोते हातांनी तोलायचे आणि त्याच हातांनी चाक बोटभर इकडे-तिकडे अचूक फिरवायचे, हे कसे जमावे? स्वतःला सावरण्यासाठी स्टिअरिंगला लोंबकळणारा चालक गाडी नीट वळवू शकत नाही. आसन निसरडे असणे ही केवळ गैरसोय नव्हे. त्या वेगात ती जिवावरची गोष्ट आहे.

‘पण पट्टा बांधला असेल ना?’ असे तुम्ही विचाराल. नव्हता. त्या काळात युरोपातल्या शर्यतींत चालक पट्टा बांधत नसत. गाडीला आग लागली तर पट्ट्यात अडकून पडण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असे अनेकांचे मत होते. पुढे ते चुकीचे ठरले. पण १९५५ साली चालकाला जागेवर धरून ठेवणारी वस्तू आसन हीच होती.

म्हणूनच त्या वर्षीची एक शर्यत पाहण्यासारखी आहे. इटलीत ब्रेशा गावाहून निघायचे, रोमपर्यंत जायचे आणि परत ब्रेशाला यायचे, अशी सुमारे १,५९७ किलोमीटरची ‘मिल्ले मिल्या’ नावाची शर्यत नेहमीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. नावाचा अर्थ हजार मैल. वाटेत आपल्या सह्याद्रीसारख्याच वळणावळणांच्या खिंडी लागत. १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉस हा इंग्रज चालक मर्सिडीझची ३०० एसएलआर गाडी घेऊन सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाला, म्हणून गाडीचा क्रमांक ७२२. त्याने ते अंतर १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत कापले. सरासरी वेग पडला ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक. भागाकार करून पाहा.

मॉसचे नाव सगळे घेतात, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा माणूस त्याच्या शेजारी बसला होता. त्याचे नाव डेनिस जेंकिन्सन. हा पत्रकार. शर्यतीआधी या दोघांनी सगळा मार्ग फिरून प्रत्येक अवघड वळणाची नोंद केली होती. त्या नोंदी जेंकिन्सनने कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर लिहिल्या आणि गुंडाळी एका डबीत बसवली. खटका फिरवला की कागद पुढे सरके. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून ठरवलेल्या हातखुणांनी तो मॉसला सांगे की पुढचे वळण सौम्य आहे की घातकी. एक हात गुंडाळीवर, दुसरा खुणा करायला. म्हणजे या माणसाला धरायला स्टिअरिंग नाही, पट्टा नाही, आणि दोन्ही हात कामात! वाटेत त्याला ओकारी आली, तो बाजूला वाकला आणि वाऱ्याने त्याचा चष्मा उडाला. सुदैवाने दुसरा जवळ होता. अशा स्थितीत दहा तास तो आसनात टिकून राहिला आणि खुणा देत राहिला. त्या दोघांखाली होते ते हेच चौकड्यांचे कापड.

कापडाचा दुसरा गुण घामाशी निगडित आहे. त्या वर्षांतल्या मर्सिडीझच्या ग्रां प्री गाडीत, म्हणजे डब्ल्यू १९६ मध्ये, चालक पाय फाकवून बसे, कारण दोन पायांच्या मधून यंत्राचा भाग जात असे. समोर तापलेले इंजिन. अशा वेळी अंग थंड ठेवायला शरीराजवळ एकच मोठा उपाय असतो, घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता त्वचेकडून घेतली जाते. पण वाफ निघून जायला वाट हवी. विणलेल्या कापडात धाग्यांमध्ये सूक्ष्म फटी असतात. त्यांतून हवा खेळते, आणि तंतू स्वतःही थोडा ओलावा शोषतात. रेक्झिनमध्ये ही वाट बंद. रेक्झिन म्हणजे मुळात कापडच, पण त्याच्यावर अखंड थर चढवलेला. पूर्वी हा थर नायट्रोसेल्युलोजचा असे, जो भडकन पेट घेतो; आता बहुधा पीव्हीसीचा असतो. मे महिन्यात महाड स्थानकावरून दुपारची बस पकडलेल्या कोणालाही पाठीला चिकटलेला सदरा आठवेल. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून गारवाही मिळत नाही. कातड्याचेही थोड्याफार फरकाने तेच. शिवाय ओल्या कातड्याचा भरवसा नाही. कोठे चिकटते, कोठे घसरते.

एसटीचे रेक्झिन मग वाईट म्हणायचे का? मुळीच नाही. रोज शेकडो माणसे बसणार, पावसाळ्यात ओल्या छत्र्या ठेवणार, एखादे पोर उलटी करणार. ओल्या फडक्याने पुसता येणे हा तिथे मोठा गुण आहे. शर्यतीच्या गाडीला एकच उतारू असतो, फार तर दोन. जसे काम तसे कापड.

घर्षण आणि घाम यांनी कापड का, हे सांगितले. पण चौकडे का? घर्षणाला रंगाशी काही देणेघेणे नाही. फळीवरच्या प्रयोगात त्याच विणीचे साधे करडे कापड आणि चौकड्यांचे कापड लावून पाहा, फरक पडणार नाही. याचे उत्तर मागाजवळ शोधावे लागते.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि त्यांतून आडवा फिरणारा धागा म्हणजे बाणा. आता ताण्यात चार काळे, चार पांढरे असे धागे आळीपाळीने लावा आणि बाण्यातही तोच क्रम ठेवा. काळ्यावर काळा येतो तिथे काळा चौकोन, पांढऱ्यावर पांढरा येतो तिथे पांढरा, आणि एकावर दुसरा येतो तिथे मिश्र करडा. चौकडा आपोआप तयार झाला! छपाई नाही, भरतकाम नाही, विणकराला निराळे कष्ट नाहीत. धाग्यांचा क्रम मोजला की झाले. आलेखाच्या कागदावर हे काढून पाहा. एक चतुर्थांश भाग काळा, एक चतुर्थांश पांढरा आणि उरलेला अर्धा मिश्र असा येईल. रंग तीन घेतले तर शुद्ध छटा तीन आणि मिश्र तीन, एकूण सहा. चार घेतले तर दहा. रंगांची संख्या न असेल तर एकूण छटा न गुणिले (न + १) भागिले २. थोडक्या रंगांत एवढी श्रीमंती देणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

याच चार काळ्या-चार पांढऱ्या धाग्यांची वीण बदलली, म्हणजे बाणा एक सोडून एक न जाता दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून गेला आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरकला, तर चौकोनांना कोपऱ्यांत टोके फुटतात. इंग्रजीत या नक्षीला ‘हाउंडस्टूथ’, म्हणजे शिकारी कुत्र्याचा दात, म्हणतात. हेही आलेखाच्या कागदावर काढता येते. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि दात उमटताना पाहण्यात मोठी गंमत आहे.

अशा कापडाला रंगाऱ्याचीही गरज नसे. काळ्या मेंढीची लोकर आणि पांढऱ्या मेंढीची लोकर एवढे भांडवल पुरे. स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्क येथे सापडलेला तिसऱ्या शतकातला कापडाचा तुकडा असाच दोन नैसर्गिक रंगांच्या लोकरीचा, चौकड्यांचा आहे. तिथले मेंढपाळ थंडीवाऱ्यात पांघरायची शाल अशीच विणत. आपली घोंगडी याच गोतातली. काळ्या लोकरीत पांढऱ्या पट्ट्या, आणि पावसात लावणीला डोक्यावर घ्यायला हक्काची. या जाड, टिकाऊ, मळखाऊ कापडातूनच पुढे युरोपात कोट शिवले जाऊ लागले आणि चौकडा हा साधा, बाहेर हिंडणाऱ्या माणसाचा पोशाख ठरला. मळखाऊपणाचे कारण सोपे आहे: एकरंगी कापडावर तेलाचा डाग चटकन दिसतो, कारण डोळा रंगातला बदल टिपतो, चौकड्यांत मुळातच जागोजागी बदल असल्याने डाग त्या गर्दीत हरवतो. तेल उडणाऱ्या गाडीत हाही गुण थोडा नव्हे.

म्हणजे घर्षणासाठी आणि घामासाठी हवे होते विणलेले मजबूत कापड. आणि त्या काळी युरोपात असले कापड म्हटले की बहुतेक वेळा त्यात चौकडा असायचाच. माझ्या मते नक्षी कापडाच्या पाठीवर बसून गाडीत शिरली. मर्सिडीझच्या रस्त्यावरच्या ३०० एसएल गाडीतही, जिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडत, १९५४ साली चौकड्यांचे कापड हे नेहमीचे अस्तर होते. कातडे हवे असेल तर जादा पैसे पडत. गंमत अशी की त्याच १९५४ साली टेल्को कंपनीने मर्सिडीझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत त्या गाड्यांच्या तोंडावर तोच तीन टोकांचा तारा असे, आणि आपल्या घाटांनी तो भरपूर पाहिला.

यानंतरची गोष्ट लवकर आटोपते. डब्ल्यू १९६ ने ४ जुलै १९५४ रोजी फ्रान्समधली आपली पहिलीच शर्यत जिंकली आणि एकूण १२ ग्रां प्री शर्यतींपैकी ९ जिंकल्या. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्याच ल मां येथे एक ३०० एसएलआर उडून प्रेक्षकांवर कोसळली. ८० हून अधिक माणसे दगावली. त्या वर्षाअखेर मर्सिडीझने शर्यती सोडल्या. पुढे पट्टे आले, न पेटणारे कृत्रिम धागे आले. आजच्या फॉर्म्युला वनच्या गाडीत चालकाच्या अंगाचा साचा घेऊन कार्बन तंतूंचे आसन घडवतात आणि सहा पट्ट्यांनी त्याला आवळून बांधतात. घर्षणाकडे आता फारसे काम उरलेले नाही आणि अस्तराचीही गरज नाही.

चौकडा मात्र रस्त्यावरच्या गाड्यांत राहिला. पोर्शेने १९६०च्या दशकात आपल्या ९११ गाडीत बारीक काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे ‘पेपिटा’ कापड दिले. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका स्पॅनिश नर्तकीचे. १९७६ साली फोक्सवागेनच्या गोल्फ जीटीआयमध्ये तांबड्या रेघांचा चौकडा आला. तो गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी निवडला. त्या मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढणाऱ्या. लंडनमध्ये पाहिलेली कापडे त्यांच्या मनात होती. तोपर्यंत चौकडा पाहिला की लोकांना शर्यत आठवू लागली होती. १९७७ साली पोर्शेने तर शर्यत संपल्याचा झेंडा वाऱ्यावर फडकावा तशी वेडीवाकडी नक्षीच आसनांवर आणली. सुरुवातीला कापडाबरोबर फुकट आलेली नक्षी आता मुद्दाम पैसे मोजून घेतली जात होती.

३०० एसएलआरच्या छप्पर असलेल्या दोनच गाड्या बनल्या होत्या. त्यांपैकी एक मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली; मोटारीला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच चंदेरी. त्या ओळखायच्या कशा? कंपनीतले लोक आतल्या अस्तराच्या रंगावरून एकीला ‘तांबडी’ आणि दुसरीला ‘निळी’ म्हणतात.